घाणेरी दारात लावा म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज परवा कागल तालुक्यातल्या माझ्या आत्तीपर्यंत पोचला. तिनं लगेच बांधावरून घाणेरीचा, म्हणजे टणटणीचा, भारा कापून आणला, म्हशीला घालायला. नाहीतर असल्या मेसेजवर लिहायला मला वेळ नाही. मजकूर असा: 'केशरी फुलांची आपली देशी टणटणी दारात लावा. डास पळतात, साप येत नाहीत, पाला घातला की जनावराचं दूध वाढतं.'

आधी पाल्याचं. घाणेरीच्या पानांत लॅन्टाडीन नावाचं विष असतं. ते यकृत धरतं, पित्त तुंबतं. हिरव्या चाऱ्यापासून पोटात तयार होणारं एक रंगद्रव्य एरवी पित्तावाटे निघून जातं. ते रक्तात साचतं आणि ऊन लागलं की कातडी भाजल्यागत सोलवटते. पांढऱ्या गाईंना जास्त त्रास. डोळे पिवळे, चारा बंद, रवंथ बंद. खरी मेख पुढं आहे: पोटच थंडावल्यामुळं खाल्लेला पाला आत तसाच पडून राहतो आणि विष भिनतच जातं. हिमाचलात पालमपूरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या केंद्रात यावर वर्षानुवर्षं काम झालंय. तिथं कुणाला दूध वाढलेलं दिसलं नाही. म्हैस शहाणी, सहसा तोंड लावत नाही. पण उसाच्या वाड्यात, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यात, मिसळून कुट्टी करून दिली तर तिला कळणार कसं?

डासांचं थोडं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. फुलांचा अर्क खोबरेल तेलातून अंगाला लावला तर डास काही वेळ लांब राहतात, असे प्रयोग झालेत. कुंडीतलं झाड नुसतं उभं राहून काही करत नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं की डेंगीच्या डासांची सोय.

साप? दाट जाळीत उंदीर, उंदरामागं साप. पुढं बोलायलाच नको.

आणि 'देशी' कशाला म्हणता? मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कलकत्त्याच्या बागेत शोभेला आणली. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परकी जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. हिम पडतं तिथं ती थंडीनं मरते, म्हणून तिकडं कुंडीत लाडानं जपतात. कोल्हापुरात तिला मारणारी थंडी कुठली? पिकली फळं पक्षी खातात, बी डोंगरभर. केशरीच हवं तर अबोली लावा की, गजरा तरी होईल.

आत्तीला फोन केला. म्हणाली, "टाकला बाबा उकिरड्यावर."

उकिरड्यावर शेजारच्या शेळ्या येतात. परत फोन केला.