वजनाचा विषय डॉक्टरने काढायलाच हवा

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा : लठ्ठपणा म्हणजे जिभेवर ताबा नसणं, दुसरं काही नाही. फॅमिली डॉक्टरने वजनाचा विषय काढून उपयोग शून्य, पेशंट फक्त दुखावतो. डायबेटिस एकदा लागला की जन्माचा. उतरवलेलं वजन परत येतंच. आणि हे सगळं संशोधन गोऱ्यांचं, आपल्याला लागू नाही.

मी जनरल प्रॅक्टिस करते. असलं काही वाचून वजनकाट्यावर पाय ठेवायचं सोडून देणारी माणसं माझ्याच बाकावर बसलेली असतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘विषय काढून उपयोग शून्य.’ हे इंग्लंडमध्ये १३७ फॅमिली डॉक्टरांनी १,८८२ पेशंटवर तपासलं आणि निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पेशंट आले होते भलत्याच तक्रारी घेऊन. निम्म्यांना डॉक्टर एवढंच म्हणाले, की वजन उतरलं तर तब्येतीला बरं. उरलेल्यांना म्हणाले, वजन उतरवायला मदत करणारा १२ आठवड्यांचा मोफत वर्ग आहे, नाव घालू का? पेशंट तिथून निघण्याआधीच त्याची वेळ ठरवून दिली आणि चार आठवड्यांनी परत बोलावलं. सगळं मिळून अर्धा मिनिट. ७७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, ४० टक्के खरोखर गेले. वर्षभराने या गटाचं वजन सरासरी २.४ किलोने उतरलं होतं, नुसता सल्ला मिळालेल्यांचं एका किलोने. फरक लहान आहे, तो फुगवून सांगायचा नाही. पण अर्ध्या मिनिटात एवढं पदरात पडणारं दुसरं काय आहे माझ्याकडे?

आणि दुखावले किती? हे बोलणं अनुचित आणि निरुपयोगी वाटलं असं म्हणणारे १,८८२ पैकी ४.

माणसं दुखावतात हे खरं, पण कशाने तेही बघू. माझ्याकडे गुडघेदुखीसाठी येणाऱ्या एक मावशी काट्यावर चढताना चपला काढायच्या, पर्स बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, “आकडा मोठ्याने वाचू नका हो.” आधीच्या एका दवाखान्यात भरल्या वेटिंगमध्ये त्यांना ‘जरा तोंड आवरा’ असं ऐकवलं होतं. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी बीपीसुद्धा तपासून घेतलं नव्हतं. त्या इंग्लिश डॉक्टरांनी पेशंटपुढे मदत ठेवली होती. मावशींच्या वाट्याला आली ती चारचौघांत झालेली शोभा.

‘डायबेटिस जन्माचा.’ बहुतेकांना गोळ्या लागतातच, पण सगळ्यांना कायमच्या लागतात असं नाही. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या टाइनसाइड भागातल्या ४९ साध्या दवाखान्यांत ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली. त्यातल्या लोकांना टाइप २ डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या वर झाली नव्हती, इन्सुलिन कुणालाही चालू नव्हतं. पहिल्याच दिवशी डायबेटिस-बीपीच्या गोळ्या थांबवल्या. तीन ते पाच महिने दिवसाला ८५०च्या आसपास कॅलरी, त्याही सूप आणि शेकमधून. मग हळूहळू नेहमीचं जेवण आणि ठरलेल्या भेटी. हे सगळं बघत होत्या दवाखान्यातल्या नर्स किंवा आहारतज्ज्ञ. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्क्यांची. ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरवलं, त्यांच्यात हेच प्रमाण ८६ टक्के होतं. अर्थात इतकं उतरवणं चौघांपैकी एकालाच जमलं.

‘परत येतंच.’ मेसेजमधलं सगळ्यात खरं वाक्य हेच, आणि जिभेवरच्या ताब्याचा मुद्दाही याच्यापाशीच मोडतो. मेलबर्नच्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या लोकांचं रक्त वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हाही भूक वाढवणारं घ्रेलिन हे हॉर्मोन चढलेलं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हॉर्मोन उतरलेलं सापडलं. शरीर वर्षभर उपाशी असल्यासारखं मागत राहतं, आणि आपण त्याला हावरेपणा म्हणतो. ‘डायरेक्ट’मध्येही दोन वर्षांनी ते ४६ टक्के ३६ वर आले. पुढे आधार चालू ठेवलेल्यांत पाच वर्षांनी १३ टक्के उरले.

म्हणून केलेलं वाया गेलं का? अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या डायबेटिस प्रतिबंधाच्या अभ्यासात आहार-व्यायामाने सुमारे तीन वर्षांत नवा डायबेटिस ५८ टक्क्यांनी कमी झाला. दहा वर्षांनी वजन बरंचसं परत आलं होतं, तरी डायबेटिसचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होतं.

‘गोऱ्यांचं संशोधन.’ चेन्नईत ५३१ जणांवर झालेला भारतीय अभ्यास २००६ सालचा आहे. साखर सीमेवर आलेल्या या लोकांपैकी काहींना आहार आणि चालण्याबद्दल पुन्हा पुन्हा समजावलं. तीन वर्षांत सल्ला न मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना डायबेटिस झाला, मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. आणि यांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं!

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे गोरे संशोधक जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते, म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की जास्त वजन आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. टेप माझ्या टेबलाच्या खणात असते, मोजायला मिनिटही लागत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. हे वाचून घरच्या घरी ८५० कॅलरींवर जाऊ नका. साखरेच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम तोडलं तर साखर धोकादायक खाली जाते, बीपीच्या गोळ्यांनी चक्कर येऊन माणूस पडतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला आणि आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा.