माझं कुटुंब, माझा ई-पास

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. पण ती आली की मागोमाग परिपत्रक येणार, एवढं नक्की. म्हातारे आईवडील एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असं तुमचं असेल, तर २०२०-२१च्या करोनाच्या अनुभवातल्या चार गोष्टी आत्ताच ऐकून ठेवा. ऐन वेळी वेबसाइट उघडत नाही.

आधी आईवडील राहतात कुठे ते बघा. जून २०२०च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी फर्मान काढलं की घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, आणि लगोलग हजारो गाड्या जप्त झाल्या. पुढे तो दोनचा आकडा गुंडाळला गेला, पण धडा घ्यायचा तो घ्या. तुम्ही अंधेरीत आणि ते डोंबिवलीत, म्हणजे चूक उघड उघड त्यांची. ऐंशीच्या दशकात ब्लॉक घेताना परवडतोय का एवढंच त्यांनी पाहिलं. पुढे मुलगा गोळ्या घेऊन निघेल तेव्हा वाटेत किती नाकाबंद्या लागतील, याचा हिशेबच केला नाही. लोकलचं नाव काढू नका. १५ जून २०२०पासून ती पुन्हा धावायला लागली, पण अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. तुम्ही कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी आहात, ही सेवा नव्हे.

अत्यावश्यक काय, याबद्दल सरकारच्या मनात कधी गोंधळ नव्हता. मे २०२०च्या मध्यावर राज्यात दारू घरपोच द्यायला परवानगी मिळाली. बाबांना क्वार्टर हवी असती तर ती रीतसर, पावतीसह दाराशी आली असती. त्यांचा औषधाचा डबा भरून द्यायला येणारा मुलगा कुठल्या रकान्यात टाकायचा, हे मात्र कोणाला सुचलं नव्हतं. बाबा घेत नसतील तर अजून वेळ गेलेली नाही, सवय लावा.

आता ई-पास, म्हणजे जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांकडून ऑनलाइन काढावा लागणारा परवाना. यातला ‘प्रवासाचे कारण’ हा रकाना नीट समजून घ्या, सगळं तिथेच अडतं. एप्रिल २०२१मध्ये जिल्हाबंदी परतली तेव्हा अत्यावश्यक सेवा, वैद्यकीय निकड, अंत्यविधी आणि घरातलं गंभीर आजारपण अशी कारणं चालत होती. ‘आई ठीक आहे आणि ठीकच राहावी म्हणून जातोय’ हे यात कुठेच बसत नाही. आईने आधी पडावं. खुबा मोडला तर उत्तम, एक्स-रे जोडता येतो. नुसते गुडघे दुखतात, रात्री एकटीला भीती वाटते, गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही, असल्या किरकोळ गोष्टींचं सर्टिफिकेट डॉक्टर देत नाहीत. आणि आई गेलीच, तर सरकार हात आखडता घेत नाही. अंत्यविधीला वीस माणसांची सोय होती. जिवंतपणी एकाचीही नव्हती.

दुसरी एक वाट होती, ती फारशी कोणी वापरली नाही. त्याच दिवसांत लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास मंजूर होते. आईबाबांचं पुन्हा लग्न लावून दिलं असतंत, तर सगळी भावंडं भेटली असती. फक्त बाबांना विचारून घ्या.

मुंबईत त्याच महिन्यात गाड्यांना रंगीत स्टिकर आले. डॉक्टरांना लाल, भाजी-किराण्याला हिरवा, बाकी अत्यावश्यक मंडळींना पिवळा. एका तरुणाने ट्विटरवर पोलिसांना विचारलं, प्रेयसीला भेटायला जायचंय, कोणता रंग लावू? पोलिसांनी मोठ्या प्रेमाने कळवलं की तुमच्यासाठी हे अत्यावश्यक आहे ते समजतं, पण आमच्या यादीत बसत नाही. उत्तराचं देशभर कौतुक झालं. आईसाठी विचारणाऱ्याला इतकं गोड उत्तर मिळालं असतं असं वाटत नाही. त्यात गंमत नाही. आठवडाभरात स्टिकरही गेले. गाडीच्या काचेवरचा गोंद तेवढा राहिला.

सप्टेंबर २०२०मध्ये राज्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. आशाताई भर पावसात दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या, त्यांची टिंगल करणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. अडचण एवढीच की घोषणेतलं कुटुंब एकाच छपराखाली राहत होतं. तुमचं नव्हतं. तेव्हा जबाबदारी तुमची, फक्त तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता बांबू आणि पत्रे लावून बंद.

समजा पोचलात. तरी पुढे गेट आहे, आणि गेटवर सेक्रेटरीचा कायदा चालतो. बाहेरच्यांना प्रवेश नाही. कामवाल्या मावशी बाहेरच्या, डबेवाला बाहेरचा, आणि याच जिन्यात गोट्या खेळून मोठे झालेले तुम्हीही बाहेरचे. वाद घालू नका. बाबांना गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायला सांगा. पिशवीत आधी जड सामान: पीठ, तेल, तूरडाळ. गोळ्यांच्या स्ट्रिप वर ठेवा. पिशवी वर गेली की थोडा वेळ शांतता असते, मग कठड्यावरून आवाज येतो, ‘मेथी पिवळी पडलीय रे.’ नंतर पिशवी परत खाली येते, त्यात हिशेबाचे पैसे असतात आणि खाली डब्यात बेसनाचे लाडू. सेक्रेटरींनी डब्यावर सॅनिटायझर मारू नये म्हणून तो अंगाआड धरावा.

बाबांना घरात ठेवणं हे वेगळं खातं. पासष्टीच्या पुढच्यांनी घरातच थांबावं असं सांगितल्यावर बाबा चष्मा पुसत विचारतात, ‘पवारसाहेब एकोणऐंशीचे आहेत ना? ते निसर्ग वादळानंतर कोकणात हिंडले, टीव्हीवर दाखवलं.’ याला उत्तर नाही. विषय बदला, काढ्याबद्दल विचारा.

आईची तब्येत व्हिडिओ कॉलवर पाहावी, असं सगळे सांगतात. पाहा. व्हिडिओ कॉल आला की आई फोन कानाला लावते. तुम्हाला एक कान दिसतो, त्यातली मोत्याची कुडी, आणि मागे थोडे विस्कटलेले केस. केस विंचरलेले नाहीत म्हणजे खांदा आखडलाय, इतपत निदान सवयीने जमायला लागतं.

संधिवात असलेली आत्या वगैरे कोणी असेल तर गोळ्यांचा साठा साथीच्या आधीच करा. मार्च २०२०मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही संधिवाताची गोळी करोनावर चालते अशी चर्चा सुरू झाली आणि ज्यांना काहीच झालेलं नव्हतं त्यांनी ती भराभर विकत घेतली. एप्रिलमध्ये अमेरिकेने मागितली, तिकडेही गेली. वर्षानुवर्षं तीच गोळी घेणाऱ्या आत्याने केमिस्टला विचारलं तर तो म्हणाला, ‘आजी, संपली.’ आत्याचे सांधे असे आंतरराष्ट्रीय राजकारणात सापडले.

लशीचं सोपं आहे. १ मार्च २०२१पासून साठीपुढच्यांना मिळायला लागली, नोंदणी सरकारच्या कोविन वेबसाइटवर होती. ओटीपी तुमच्या फोनवर येतो, तो तीन मिनिटांत घालायचा असतो, आणि नेमका तेव्हा तुमचा बॉस झूमवर बोलत असतो. कोविशिल्डच्या दुसऱ्या डोसचं अंतर चार आठवड्यांवरून सहा-आठ आणि मग बारा ते सोळा आठवड्यांवर गेलं. आईला तारीख पेन्सिलने लिहून ठेवायला सांगा.

राहता राहिला हयातीचा दाखला. वर्षभर घरात बसा म्हणून सांगितलेल्या माणसाने आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला बाहेर पडायचं असतं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबांना मुदत वाढून फेब्रुवारी २०२१पर्यंत मिळाली खरी. म्हणून एखाद्या सकाळी गर्दी कमी बघून त्यांना बँकेत न्या. यंत्रावर अंगठा ठेवतात, लाल दिवा लागतो. अंगठा पुसतात, खोबरेल लावतात, पुन्हा पुसतात, दुसरा अंगठा ठेवतात. म्हातारपणी रेषा पुसट होतात, यंत्राला ओळख पटत नाही. काउंटरवरचा मुलगा सज्जन असतो, म्हणतो पुढच्या आठवड्यात परत आणा. तोवर बाबा हयात आहेत असं तुम्ही आपल्यापुरतं धरून चालायला हरकत नाही; पेन्शन मात्र त्या समजुतीवर निघत नाही.