प्रोटॉनची गोटी केली तर इलेक्ट्रॉन केवढा? १८३६ चा आकडा इथे लावू नका

"प्रोटॉन गोटीएवढा केला तर इलेक्ट्रॉन त्याच्या १८३६ पट लहान, म्हणजे धुळीचा कण, तो लाख पट लांबून फिरतो, मधे सगळं रिकामं, आणि हे प्रमाण सगळ्या अणूंना सारखंच." हा मेसेज सगळीकडे फिरतोय आणि मुलांच्या प्रोजेक्टमधेही जसाच्या तसा उतरतोय, म्हणून एकेक मुद्दा बघू.

आधी अंतर. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर, हायड्रोजनच्या अणूची साधारण ५३ पिकोमीटर (१ पिकोमीटर म्हणजे १००० फेम्टोमीटर), भागाकार येतो ६३ हजार. म्हणजे १ सेंटीमीटरच्या गोटीला अणू ६३० मीटर रुंद. लाख जरा जास्त झालं, पण अंदाज म्हणून चालेल.

खरी गडबड १८३६ ची. ते वस्तुमानाचं गुणोत्तर आहे हो, आकाराचं नाही! दोघांची घनता सारखी धरली (तसं धरायला काहीच आधार नाही) तरी व्यासात फरक घनमूळाचा, म्हणजे फक्त १२ पट पडेल. काहीजण मग इलेक्ट्रॉनची "क्लासिकल त्रिज्या" २.८ फेम्टोमीटर घेतात, पण ती नुसती विद्युत ऊर्जेच्या हिशोबातून काढलेली लांबी आहे, कोणी मोजलेली नाही, आणि ती धरली तर इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या तिपटीहून मोठा निघतो. प्रयोगात इलेक्ट्रॉनला आकार असा सापडलेलाच नाही, असलाच तर १० चा उणे १८ वा घात मीटरपेक्षा लहान, एवढंच म्हणता येतं.

आणि जड म्हणजे मोठं हे डोक्यातून काढायचं असेल तर म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण बघा. इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड, पण हायड्रोजनमधे इलेक्ट्रॉनच्या जागी तो बसवला की अणू जवळपास १८६ पट लहान होतो, म्युऑन प्रोटॉनच्या अगदी जवळ येतो, म्हणून तर २०१० मधे स्वित्झर्लंडमधे असेच अणू वापरून प्रोटॉनची त्रिज्या इतकी बारकाईने मोजता आली.

सगळ्या अणूंना एकच प्रमाण? नाही. युरेनियमचं केंद्रक प्रोटॉनच्या आठ-नऊ पट रुंद, अणू मात्र हायड्रोजनच्या तिप्पट-चौपटच, त्यामुळे गुणोत्तर पंचवीस हजारांच्या आसपास घसरतं.

"रिकामं" पण जपून म्हणा, इलेक्ट्रॉन गोल चकरा मारत नसतो, त्याची लहर त्या सगळ्या जागेत पसरलेली असते. त्यामुळे प्रोजेक्टच्या तक्त्यात प्रोटॉन आणि अणू खुशाल स्केलने काढा, इलेक्ट्रॉनच्या रकान्यात आकडा न टाकता "आकार सापडलेला नाही" एवढंच लिहा.