लॉग एनच्या जागी लॉग एन, एवढंच झालं का?

लिनक्स कर्नेलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, मेमरीचा नकाशा ठेवणारं रेड-ब्लॅक ट्री काढून मेपल ट्री आणलं. दोन्ही म्हणजे नोंदी झाडासारख्या फांद्यांत मांडून पटकन शोधायच्या रचना, आणि नकाशातल्या मेमरीच्या एकेका पट्ट्याला म्हणतात मॅपिंग. त्यावर एक दावा सारखा फिरतो: "दोन्हींत शोधायला लागणाऱ्या पायऱ्या लॉग एनच (एन म्हणजे नोंदींची संख्या). चालतं यंत्र उगाच उघडलं. शिवाय एवढी मॅपिंग असतात कोणाकडे? आणि नव्या कोडमुळे सुरक्षेला भोक पडलं ते वेगळंच." यातला शेवटचा मुद्दा सोडला तर बाकीचं टिकत नाही.

"लॉग एनच." रेड-ब्लॅक ट्रीच्या नोडला, म्हणजे झाडातल्या एका गाठीला, दोनच फांद्या. हजार मॅपिंग असली की दहाएक पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला मेमरीत भलतीकडेच पडलेला नोड गाठायचा. तो प्रोसेसरजवळच्या वेगवान कॅशमध्ये नसला तर प्रोसेसर ताटकळतो. मेपल ट्रीचा नोड २५६ बाइटचा असतो. सर्वांत खालच्या नोडमध्ये १६ पर्यंत नोंदी, मधल्या नोडमध्ये १० पर्यंत. तीच हजार मॅपिंग तीन-चार पातळ्यांत मावतात. लॉगचा पाया (एका नोडला किती फांद्या) वहीत गौण असेल. पेज फॉल्टगणिक (प्रोग्रामने हात लावलेला मेमरीचा भाग अजून जागेवर नसला की) हा शोध घ्यावा लागतो तेव्हा तो गौण राहत नाही.

"चालतं यंत्र." ते एक नव्हतंच. झाड होतं, शेजारचं मॅपिंग पटकन मिळावं म्हणून लिंक्ड लिस्ट होती, आणि नुकतंच सापडलेलं लक्षात ठेवायला प्रत्येक थ्रेडची (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या धाग्याची) छोटी कॅश. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत तिन्ही गेली. लिहिताना नवे नोड घ्यावे लागतात, तो खर्च वाढला हे मान्य.

पण दावा खरा कोसळतो तो लॉकपाशी, आणि त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. प्रोसेसच्या अख्ख्या नकाशाला एकच एमएमॅप लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप. एका थ्रेडने नकाशा बदलायला तो धरला की बाकीच्या थ्रेडचे पेज फॉल्ट रांगेत. लॉक न घेता वाचावं, तर रेड-ब्लॅक ट्री तोल सावरताना फिरतं आणि वाचणारा चुकीच्या फांदीवर जाऊ शकतो. मेपल ट्री आरसीयू (वाचणाऱ्यांना न थांबवता बदल करायची पद्धत) धरूनच घडवलंय: बदललेला भाग नव्या नोडमध्ये लिहून जोडायचा, जुना नोड वाचणारे बाहेर पडेपर्यंत जपायचा. म्हणूनच जून २०२३ च्या ६.४ मध्ये प्रत्येक व्हीएमएला (एकेका मॅपिंगच्या नोंदीला) स्वतःचा लॉक देता आला, आणि साधे पेज फॉल्ट मोठ्या लॉकला हात न लावता मिटू लागले. हे फक्त मोठ्या सर्व्हरचं दुखणं समजू नका. अनेक थ्रेड एकदम सुरू करणारं फोनवरचं अ‍ॅपही याच लॉकवर अडतं.

"मॅपिंग कोणाकडे?" चालू ब्राउझरची प्रॉकमधली (कर्नेलची माहिती दाखवणाऱ्या /proc फोल्डरमधली) 'मॅप्स' फाइल उघडून पाहा; तिथली एकेक ओळ म्हणजे एक मॅपिंग. एकेक शेअर्ड लायब्ररीच चार-पाच ओळी घेते. प्रत्येक प्रोसेसला कर्नेलने मुळात ठरवलेली मर्यादा ६५,५३० आहे, आणि इलॅस्टिकसर्च या शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरला तीही पुरत नाही; ते किमान २,६२,१४४ मागतं.

राहिलं सुरक्षेचं भोक. ते खरं आहे, आणि गंभीर होतं. जुलै २०२३ मध्ये उघड झालेल्या 'स्टॅकरॉट' या त्रुटीत स्टॅक (फंक्शनची तात्पुरती माहिती ठेवणारी मेमरी) वाढताना फक्त वाचनाचा लॉक धरून झाडातला नोड बदलला जायचा. जुना नोड मोकळा झाल्यावरही दुसरा थ्रेड तो वापरू शकत होता. आता स्टॅक वाढवण्याआधी लिहिण्याचा लॉक घ्यावाच लागतो. ही दुरुस्ती ६.१.३७, ६.३.११ आणि ६.४.१ मध्ये आहे. त्या मालिकांमधलं याहून जुनं कर्नेल कोणी चालवत असेल, तर ते आजच बदला.