‘कायमस्वरूपी’ म्हणजे नेमकं काय?

स्तनांसाठी केलेल्या फॅट ट्रान्सफरचा (म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातली चरबी काढून स्तनांत भरण्याचा) परिणाम कायमस्वरूपी असतो, असं मी वाचलेल्या एका लेखात एका वाक्यात म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे, म्हणून लिहितेय. भरलेली सगळी चरबी टिकत नाही. जिला नव्या जागी रक्तपुरवठा मिळतो तीच जगते, बाकीची शरीर शोषून घेतं. साधारण ५० ते ७० टक्के टिकते असं डॉक्टर सांगतात, पण माणसागणिक यात बराच फरक पडतो. पहिल्या महिन्यातल्या आकारावर जाऊ नका, त्यात सूजही असते. तिसऱ्या महिन्यात आकार उतरला तेव्हा मी फार रडले होते. हे होणारच, असं मला आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं! सहा महिन्यांनी जे उरतं ते मात्र आपल्याच शरीराचा जिवंत भाग असतं. इम्प्लांटसारखं (स्तनात बसवलेल्या कृत्रिम पिशवीसारखं) ते बदलावं लागत नाही, पण वजन घटलं की तेही घटतं. गरोदरपण आणि वय यांचाही परिणाम होतोच.

आणि मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या) वेळी ही शस्त्रक्रिया झाल्याचं आठवणीने सांगा. न जगलेल्या चरबीच्या गाठी किंवा कॅल्शियमचे ठिपके त्यात दिसू शकतात. तपासणाऱ्याला कल्पना नसेल तर कर्करोगाच्या संशयाने उगाच बायोप्सीपर्यंत (तुकडा काढून तपासण्यापर्यंत) गोष्ट जाऊ शकते.