गोळीची सवय लागते म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरच्या काढ्याचा तो मेसेज अधूनमधून येऊन पडतोच. त्याने हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले ब्लॉकेज विरघळतात म्हणे. खाली अर्ध्या खानदानाचे जोडलेले हात. त्यातल्या कितीतरी जणांनी बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद केलेली! कारण काय, तर "आता नॉर्मल आहे की. आणि एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही."

अहो, नॉर्मल आहे ते गोळीमुळेच. चष्म्याची सवय लागेल म्हणून कुणी चष्मा घरी ठेवून गाडी चालवतं का?

बीपी दुखत नाही, खुपत नाही, हीच खरी गोची आहे. डोकं दुखलं तरच बीपी वाढलं, असं आपण परस्पर ठरवून टाकलंय. आत रक्तवाहिन्यांच्या अस्तराला वर्षानुवर्षं मार बसत असतो. तिथे चरबीचा थर साचतो, एके दिवशी तो फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. बीपीचा वरचा आकडा १० ने जरी उतरला, तरी हार्ट अटॅक आणि लकवा मिळून धोका साधारण पाचव्या हिश्श्याने घटतो. कुठल्या काढ्याने हे केलंय, सांगा.

"आमच्या घराण्यातच आहे" हे दुसरं पालुपद. असेलही. पण २००४ साली आलेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात (त्यात भारतही होता) पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊच गोष्टींशी जोडलेला निघाला, आणि बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, पोटाचा घेर ही त्यातलीच मंडळी. आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना हा पहिला अटॅक गाठतो साधारण ५३ व्या वर्षी, इतरांपेक्षा पाचसहा वर्षं आधी. म्हणजे मुलांची शिक्षणं व्हायच्या आत.

तंबाखूचं तर विचारूच नका. "आमच्यात कुणालाच व्यसन नाही" असं ठासून सांगणाऱ्या घरात सकाळी तव्यावर मिश्री भाजल्याचा वास येतो. ती म्हणे दात घासायला! त्याच अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांनाही धोका दुपटीहून जास्त दिसला होता. पण आजीची मिश्री आणि मामांची चुना-तंबाखूची डबी डॉक्टरांपुढे कुणी काढतच नाही, विचारलं तरी.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चमचा, लोणचं-पापड-फरसाण धरून. "आम्ही सैंधव वापरतो" म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की तेही बहुतांश सोडियम क्लोराईडच, म्हणजे आपलं साधं मीठच.

गोळीचा त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही. कुणाचे पाय सुजतात, कुणाला कोरडा खोकला लागतो. तसं डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात.