सांगलीत चोरी होते, कागदावर ती 'गहाळ' असते

सोनसाखळी गेली, विश्रामबागेत बंद बंगला फुटला, कुठल्या चौकात कोयते निघाले, की सांगलीत दोन मागण्या ठरलेल्या: धिंड काढा आणि सीसीटीव्ही वाढवा. मग परदेशी राहणारा कोणी सांगलीकर फॅमिली ग्रुपवर तिसरं वाक्य टाकतो, 'आमच्याकडे असलं चालत नाही.' हे वाक्य साफ खोटं आहे. आधी तेच निकालात काढतो.

इथे लंडनमध्ये इलेक्ट्रिक सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावणं ही रोजची गोष्ट आहे. तक्रार ऑनलाइन भरायची, गुन्ह्याचा क्रमांक मिळतो आणि बऱ्याचदा थोड्याच दिवसांत 'तपासाला पुढे धागा नाही' म्हणून फाइल बंद झाल्याचं कळतं. घरफोडी झालेल्या प्रत्येक घरी पोलीस जातील, असं इंग्लंड आणि वेल्सच्या पोलीस दलांना 2022 च्या ऑक्टोबरमध्ये मुद्दाम जाहीर करावं लागलं. यातच काय ते आलं. चोर हुडकण्यात इथले पोलीस सांगलीच्या एलसीबीला, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेला, भारी आहेत, असं मला अजिबात वाटत नाही.

फरक आहे तो नोंदीत. 2011 पासून इथे दर महिन्याचे गुन्हे रस्त्यानिहाय नकाशावर कोणालाही बघता येतात. आपल्या गल्लीत किती घरं फुटली हे माहीत असलेला माणूस नगरसेवकाशी आकडा घेऊन भांडतो. आपण वर्तमानपत्राची कात्रणं घेऊन भांडतो.

आणि आपली नोंद गळते ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. गणपती पेठेच्या गर्दीत मोबाइल मारला गेला, तरी अर्ज लिहिला जातो 'गहाळ' झाल्याचा. सिमकार्ड परत मिळवायला तेवढा कागद पुरतो, त्यामुळे फिर्यादी खूश आणि ठाण्याचा आकडाही वाढत नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेत 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र केली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. जुना मोबाइल, सायकल यात अलगद बसतात. म्हणून बिल दाखवा, फोनचा आयएमईआय म्हणजे ओळख क्रमांक लिहून द्या आणि अर्जात 'चोरीला गेला' हेच शब्द ठेवा. पोलिसांचा कागद हातात आला की सीईआयआर या सरकारी पोर्टलवर तो फोन ब्लॉकही करता येतो.

सोनसाखळीचं वेगळं. 1 जुलै 2024 पासून हिसकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम 304, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. पण हिसडा मारताना इजा केली असेल तर ती जबरी चोरी ठरू शकते, कलम 309, आणि तिथे शिक्षा 10 वर्षांपर्यंत जाते. गळ्यावरचा ओरखडा म्हणूनच त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून कागदावर आणायचा. हळद लावून घरी बसलं की पुरावा गेला. मंगळसूत्र तुटून अर्धं गळ्यात राहिलं असेल तर ते सोनाराकडे सांधायला टाकू नका. तुटलेल्या कडीचं टोक चोराकडे सापडलेल्या तुकड्याशी जुळवून बघता येतं, तो तुकडा पंचनाम्यात जायला हवा. वजनही वाट्या, मणी आणि साखळी असं वेगवेगळं ग्रॅममध्ये सांगायचं. 1 एप्रिल 2023 नंतर दुकानातून घेतलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तो बिलावरून फिर्यादीत उतरवा. सोनं एकदा वितळून लगड झाली की त्यातलं काहीच उरत नाही. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात भारतभर नाव काढलेल्या विट्या-खानापूरच्या जिल्ह्याला हे मी काय सांगावं! लगड झाल्यावर तुमचं म्हणून बोट ठेवायला फिर्यादीतलं वजन आणि आरोपीची कबुली एवढंच राहतं, आणि पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही.

हद्दीचा वाद सांगलीत तर पाचवीला पुजलेला. अंकलीचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा, म्हैसाळच्या पुढे कागवाड म्हणजे कर्नाटक. दुचाकीवरचा चोर अर्ध्या तासात जिल्हा काय, राज्य बदलतो. पण 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर आता कायद्याने बंद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्याने हद्द न बघता फिर्याद, म्हणजे झिरो एफआयआर, घ्यायचा आणि योग्य ठाण्याकडे पाठवायचा. प्रत मोफत मिळते. गुन्हा नोंदवण्याआधी 'चौकशी चालू आहे' म्हणायलाही मुदत आहे: तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने जास्तीत जास्त 14 दिवस. ठाण्याने दादच दिली नाही तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, आणि तिथेही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तपास कुठवर आला हे फिर्यादीला 90 दिवसांत कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. ते विचारायला जाणारे फार थोडे.

आता सीसीटीव्ही. सोसायटीवाले गेटवर बारा फुटांवर 2.8 मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा ठोकतात. त्यात अख्खा रस्ता दिसतो आणि चोराचं फक्त हेल्मेट. नंबरप्लेट वाचायची तर 8 ते 12 मिलिमीटरची लेन्स, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, गाड्या जिथे हळू होतात त्या वळणावर किंवा गतिरोधकापाशी. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात प्लेट पांढरीफटक होते, शटरचा वेग वाढवल्याशिवाय ती वाचता येत नाही. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे आणि 1 टीबीची डिस्क असेल तर सतत रेकॉर्डिंग साधारण 6 ते 12 दिवसांत स्वतःवरच पुन्हा लिहिलं जातं. पोलीस दोन आठवड्यांनी आले तर पडद्यावर नुसती शेजाऱ्यांची मांजरं. सगळ्यात मोठी चूक घड्याळाची. डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची, छोटी बॅटरी संपली की लाइट जाऊन येताच तारीख मागे उडी मारते, आणि कोर्टात आरोपीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. फुटेज काढताना डीव्हीआरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, फाइलच्या हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा ठसा). चौकाचौकात आणखी शंभर कॅमेरे लावले आणि हे केलं नाही, तर ठेकेदाराचं बिल तेवढं निघेल.

धिंडीबद्दल एवढंच, की त्याने गर्दी खूश होते आणि कोर्टात खटल्याला काडीची मदत होत नाही. तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. पोरगा दोन वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात राहून नवी ओळखपाळख करून परत येतो. कुपवाडपर्यंत मेफेड्रोन या अमली पदार्थाचे धागे 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात पोचले. तिथल्या गोदामांचा भाडेकरार आणि भाडेकरूची माहिती वेळेत नोंदवली जाते का, हा प्रश्न त्या वेळी कोयत्यांइतक्या जोरात कोणी विचारला नाही.

आणि ज्यांचे बंगले विश्रामबागेत कुलूप लावून आहेत अशा माझ्यासारख्यांसाठी एक गोष्ट. परदेशातून ईमेलने तक्रार देता येते, पण तीन दिवसांत त्यावर सही झाली तरच ती फिर्याद म्हणून नोंदवली जाते. लंडनहून विमान पकडून सहीसाठी कोणी पोचत नाही. फिर्याद देईल असा माणूस आधीच ठरवा: मामा, चुलतभाऊ, जो सांगलीत राहतो तो. घरात काय काय आहे त्याची फोटोंसह यादी, बिलांच्या प्रती आणि डीव्हीआरचा पासवर्ड त्याच्याकडे ठेवा. गुन्हा त्याच्या नावाने नोंदवला गेला तरी बिघडत नाही, माल तुमचाच राहतो.